घातक कचरा ओळखायला शिकताना: जगाकडून काय घ्यावे, कारखान्यात कसे रुजवावे

6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात होता. नाल्यातून विषारी वायू उठला आणि शेजारच्या डाइंग मिलमधले 6 जण दगावले. पुढे तपासाचे धागे महाराष्ट्रापर्यंत आले. बेकायदा ओतणारे दोषी होते, यात शंका नाही. पण तो टँकर कुणीतरी भरला होता, कुणीतरी चालवत आणला होता, वाटेत तो अनेकांच्या नजरेसमोरून गेला होता. आत काय आहे आणि ते दुसऱ्या सांडपाण्यात मिसळले तर काय होईल, हे त्यांतल्या कितीजणांना सांगता आले असते?

हाच प्रश्न ऑगस्ट 2006 मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरासमोर उभा राहिला. ‘प्रोबो कोआला’ या जहाजावरचा कचरा आधी ॲमस्टरडॅम बंदरात टाकी धुतलेले नेहमीचे पाणी म्हणून उतरवायला घेतला होता. दुर्गंधी सुटली, नमुना तपासला गेला, विल्हेवाटीचा दर वाढला, आणि जहाजाने तो माल परत भरून घेतला. शेवटी 500 घनमीटरहून जास्त कचरा आबिजानमध्ये एका अननुभवी कंत्राटदाराने शहरभर ठिकठिकाणी ओतला. एक लाखाहून अधिक लोकांना उपचारांसाठी धाव घ्यावी लागली. ॲमस्टरडॅममध्ये नमुना हाती आला होता. हा माल जहाजावरचे नेहमीचे सांडपाणी मानायचा की सीमेपलीकडे जाण्यास बंदी असलेला घातक कचरा, हे त्याच वेळी ठामपणे ठरले असते, तर पुढचा प्रवास तिथेच थांबला असता.

घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनात ओळख ही पहिली पायरी आहे. ती चुकली तर पुढची भट्टी, भूभरण, वाहतूक, परवाने सगळे वाया जाते. ही ओळख शिकवण्यासाठी देशादेशांत गेली तीन दशके सहकार्य चालू आहे. त्यातून तयार झालेले बरेच साहित्य मोफत मिळते, पण आपल्या औद्योगिक वसाहतींत त्याचा वापर फार थोडा होतो. लघुउद्योजक, सेफ्टी ऑफिसर, सांडपाणी प्रक्रिया केंद्र (ईटीपी) सांभाळणारे केमिस्ट, भंगार आयात करणारे व्यापारी, कस्टम ब्रोकर आणि या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण, या सगळ्यांना ते कसे वापरता येईल, हे इथे मांडतो.

सहकार्याची पार्श्वभूमी

1987-88 मध्ये इटलीतून निघालेले विषारी कचऱ्याचे हजारो ड्रम नायजेरियातल्या कोको या छोट्या बंदरगावी एका शेतकऱ्याच्या आवारात ठेवले गेले. त्याला मिळत होते जागेचे किरकोळ भाडे. ड्रममध्ये काय आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. अशा प्रकरणांनी जग हादरले आणि 22 मार्च 1989 रोजी बासेल करार झाला. तो 5 मे 1992 पासून लागू झाला. भारताने त्याच वर्षी जूनमध्ये त्याला मान्यता दिली. आज 190 हून अधिक देश त्यात आहेत. अमेरिकेने सही केली आहे, पण अजून मान्यता दिलेली नाही.

या कराराचे दोन भाग आपल्या कामाचे आहेत. पहिला म्हणजे पूर्वसंमती: घेणाऱ्या देशाने आणि वाटेतल्या देशांनी लेखी होकार दिल्याशिवाय घातक कचरा हलवायचा नाही. दुसरा म्हणजे कलम 14. प्रशिक्षण आणि तंत्रज्ञान हस्तांतरासाठी प्रादेशिक केंद्रे उभारावीत, असे ते सांगते. त्यानुसार जगात 14 केंद्रे चालतात. आशियात बीजिंग, जकार्ता आणि तेहरान इथे ती आहेत. 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्रीन कस्टम्स’ हा उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या पर्यावरण करारांखालचा संशयास्पद माल सीमेवर कसा ओळखायचा, हे सीमाशुल्क अधिकाऱ्यांना एकत्र शिकवणे हा त्याचा हेतू. बांगलादेशात जहाजतोडणी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी नॉर्वेच्या पैशातून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने प्रकल्प राबवला. कर्नाटकात घातक कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी जर्मनीशी सहकार्य झाले.

अशा सहकार्यातून सगळ्यात मोलाची जी गोष्ट मिळाली, ती म्हणजे सर्वांनी मान्य केलेल्या खुणा, संकेत आणि चाचण्या. त्या शिकलेला माणूस न्हावाशेवाला असो की रॉटरडॅमला, एकच ड्रम पाहून एकाच निष्कर्षावर येऊ शकतो.

आधी चार प्रश्न विचारा

कोणताही कचरा समोर आला की चार प्रश्न विचारण्याची सवय लावा. जगभरच्या प्रशिक्षणांचा पाया हाच आहे आणि आपल्या 2016 च्या घातक व इतर कचरा नियमांची दुसरी अनुसूचीही यावरच उभी आहे.

तो पेट घेतो का? ज्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट (प्रज्वलनबिंदू) 60 अंश सेल्सिअसच्या खाली, तो ज्वालाग्राही. वापरलेले सॉल्व्हंट, थिनर, पेंटचा गाळ यात येतात.

तो धातू किंवा कातडी खातो का? पीएच 2 किंवा त्याहून कमी, अथवा 12.5 किंवा त्याहून जास्त असेल, तर तो क्षरणकारक. धातू साफ करण्याच्या पिकलिंगचे वापरलेले ॲसिड हे नेहमीचे उदाहरण.

तो पाण्याशी, हवेशी किंवा दुसऱ्या रसायनाशी झटकन भडकतो का? सायनाइड किंवा सल्फाइड असलेला कचरा ॲसिडच्या संपर्कात आला की प्राणघातक वायू सोडतो.

तो विषारी आहे का? याचे उत्तर डोळ्यांना मिळत नाही. त्यासाठी झिरप चाचणी लागते. कचऱ्याच्या वीसपट वजनाच्या सौम्य ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात नमुना सुमारे 18 तास फिरवत ठेवतात आणि द्रावणात काय उतरले ते मोजतात. एका लिटरला शिसे 5 मिलिग्रॅम, कॅडमियम 1 मिलिग्रॅम, पारा 0.2 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. ही पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बसवली आणि आपल्या नियमांनी ती घेतली.

काही कचरा चाचणीविनाच घातक ठरतो, कारण तो ज्या प्रक्रियेतून निघतो ती पहिल्या अनुसूचीत नोंदलेली असते. अशा 38 प्रक्रियांची ती यादी छापून शॉप फ्लोअरवर लावा. ईटीपीचा रासायनिक गाळ 35.3 वर, वापरलेले तेल 5.1 वर, रसायन लागलेली रिकामी पिंपे 33.1 वर, तर तेल-रसायनाने माखलेली फडकी 33.2 वर आहेत. शेवटच्या दोन गोष्टी लहान कारखान्यांत सर्रास भंगारवाल्याला दिल्या जातात आणि ती पिंपे पुढे कुणाच्या तरी घरी पाणी साठवायला जातात. एवढी एक गोष्ट थांबवली, तरी प्रशिक्षणाचा खर्च वसूल झाला असे समजा.

खुणा आणि आकडे वाचायला शिका

जगभर एकसारख्या केलेल्या रसायन वर्गीकरणात (जीएचएस) नऊ चित्रखुणा आहेत, लाल चौकटीच्या आणि कोनावर उभ्या. ज्योत, वर्तुळावरची ज्योत, कवटी, हातावर सांडणारे ॲसिड, छातीवर चांदणी असलेला माणूस, मेलेला मासा आणि झाड अशा त्या पाहून पाठ होतात. यातली साधी ज्योत आणि वर्तुळावरची ज्योत यांतला फरक नीट शिकवा. पहिली पेट घेणाऱ्या पदार्थाची आहे. दुसरी, इतरांना पेटायला मदत करणाऱ्या ऑक्सिडायझरची. या दोन्ही खुणांचे ड्रम शेजारी ठेवले, की आगीची तयारी झालीच.

टँकरच्या फलकावरचा चार आकडी क्रमांक संयुक्त राष्ट्रांनी दिलेला असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1230 मिथेनॉल, 1789 हायड्रोक्लोरिक ॲसिड, 1824 कॉस्टिक सोड्याचे द्रावण, 1830 तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. तुमच्या गेटमधून नेहमी जाणारे पाच-दहा क्रमांक वॉचमनलाही पाठ असायला हवेत.

बासेल कराराच्या कागदांवर आणखी संकेत दिसतील. Y ने सुरू होणारे कचऱ्याचा प्रवाह किंवा त्यातला घटक दाखवतात: वाय 8 टाकाऊ खनिज तेल, वाय 31 शिसे, वाय 33 सायनाइड. H ने सुरू होणारे धोक्याचा गुण सांगतात: एच 3 ज्वालाग्राही द्रव, एच 8 क्षरणकारक, एच 12 पर्यावरणाला विषारी. सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा भाग असतात. त्यातले दुसरा (धोका), चौथा (प्रथमोपचार), दहावा (काय कशात मिसळू नये) आणि तेरावा (विल्हेवाट) हे चार भाग आधी वाचायची शिस्त लावा.

अनोळखी ड्रम समोर आला तर

भाड्याने घेतलेल्या शेडच्या कोपऱ्यात, बंद पडलेल्या युनिटमध्ये, रस्त्याकडेला असे ड्रम सापडतात. अशा वेळी हा क्रम पाळा:

1. थांबा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, इतरांना दूर करा. मोबाइलवर लांबून फोटो घ्या.
2. वास घेऊन ओळखण्याची सवय कायमची सोडा. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण सुमारे 100 पीपीएमच्या पुढे गेले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला, असे वाटते. तोंडाला बांधलेले फडके कोणताही वायू अडवत नाही.
3. ड्रमचा आकार पाहा. फुगलेला म्हणजे आत दाब. आत ओढला गेलेला म्हणजे निर्वात. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर हात लावू नका. जुन्या ईथरसारख्या द्रवात तयार होणारी पेरॉक्साइडे झाकण फिरवण्याच्या घर्षणानेही फुटू शकतात. असे काम तज्ज्ञांचेच.
4. शेजारी काय ठेवले आहे ते बघा. गळती एकाच ड्रमची असली, तरी अभिक्रिया दोघांत होते.
5. नमुना प्रशिक्षित माणसानेच घ्यावा. रसायनाला टिकणारे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, गरजेप्रमाणे श्वसनयंत्र, आणि ठिणगी न उडवणारी हत्यारे हवीत. ड्रममध्ये वर तेल, मध्ये पाणी, खाली गाळ असे थर असतात, म्हणून वरचा पेला भरून चालत नाही. लांब नळीने वरपासून तळापर्यंतचा नमुना घ्यायचा.
6. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव लिहा आणि ती कोणाच्या हातातून कोणाकडे गेली याची सही-नोंद ठेवा. अशी नोंद नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे किंवा न्यायालयात तो अहवाल टिकत नाही.
7. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा.

किरणोत्सर्गी वस्तू या नियमांखाली येत नाहीत. त्यासाठी अणुऊर्जा कायदा आहे. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने लिलावात काढलेले यंत्र भंगारवाल्यांनी फोडले, आतला कोबाल्ट-60 बाहेर पडला आणि एकाचा जीव गेला. तीन पाकळ्यांची किरणोत्सर्गाची खूण भंगार व्यवसायातल्या प्रत्येकाला ओळखता आली पाहिजे.

साठवण आणि रवानगी

ओळख पटली की ती कागदावर आणि पिंपावर उतरवा. कारखान्यात घातक कचरा 90 दिवसांपर्यंत ठेवता येतो. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान युनिटला आणि इतर काही ठरावीक बाबतींत मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकते. प्रत्येक पिंपावर नियमांतल्या नमुना (फॉर्म) 8 चे लेबल लागते: चकाकती पिवळी पार्श्वभूमी, पाण्याने न जाणारे, आणि घातक कचरा व जपून हाताळा हे शब्द लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. म्हणजे पिंपावर मराठी असणे हा नियमच आहे. नुसते इंग्रजी लेबल लावून काम भागवणारे नियम मोडतात आणि ते पिंप हलवणाऱ्या माणसाला अंधारातही ठेवतात.

ट्रकसोबत नमुना 9 चे आपत्कालीन कार्ड आणि नमुना 10 चे मॅनिफेस्ट जाते. मॅनिफेस्टच्या सात रंगीत प्रतींपैकी निळी प्रत विल्हेवाट केंद्राकडून तुमच्याकडे परत यायला हवी. ती आली नाही, तर कचरा पोचला असे गृहीत धरू नका; चौकशी करा. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी आणि गोव्यात पिसुर्ले इथे सामायिक केंद्रे आहेत. एकदा तिथे जाऊन तुमच्या कचऱ्याचे पुढे काय होते, ते पाहून या. वार्षिक विवरण नमुना 4 मध्ये 30 जूनपर्यंत भरायचे असते.

माल परदेशातून येत असेल तर

वंगण तेल म्हणून न्हावाशेवाला आलेल्या 133 कंटेनरमध्ये टाकाऊ तेल निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 2005 मध्ये न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला लावले. कागदावरचा शब्द आणि कंटेनरमधला माल यांत अंतर असू शकते, हा त्या निकालाचा धडा प्रत्येक आयातदाराने लक्षात ठेवावा.

घातक कचरा केवळ विल्हेवाटीसाठी भारतात आणता येत नाही. पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण, वसुली किंवा अन्य उपयोगासाठीच तो आणता येतो, तोही प्रत्यक्ष वापरणाऱ्यालाच. सहाव्या अनुसूचीत सरसकट बंदी असलेल्या वस्तू आहेत. ऑर्डर देण्याआधी तिसरी आणि सहावी अनुसूची उघडून तुमचा माल कुठे बसतो ते पाहा. पाठवणाऱ्याकडून माल भरण्यापूर्वीचा तपासणी अहवाल आणि फोटो मागा. माल बेकायदा ठरला, तर 90 दिवसांत स्वतःच्या खर्चाने परत पाठवण्याची जबाबदारी आयातदाराची असते. 1 जानेवारी 2025 पासून बासेल करारात सगळ्याच इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला पूर्वसंमती लागते; घातक असला काय, नसला काय. जुन्या संकेतांवर चालणाऱ्या पुरवठादाराला हे स्वतःहून विचारा.

जहाजतोडणीतही हेच. हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला असून तो ज्यांना लागू आहे अशा जहाजांवर घातक पदार्थांची यादी असणे त्यात बंधनकारक आहे. मुंबईतल्या दारूखान्यात जहाजाच्या भंगाराशी वावरणाऱ्यांनी ती यादी मागायला आणि तीत ॲस्बेस्टॉस, पीसीबी, पारा शोधायला शिकावे.

प्रशिक्षण कसे निवडाल

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. पैसे भरण्यापूर्वी हे विचारा: प्रत्यक्ष नमुना घ्यायला शिकवणार का? श्वसनयंत्र घालून काम करायला लावणार का? खोट्या लेबलचे, लेबल नसलेले, विसंगत ड्रम ओळखण्याची परीक्षा घेणार का? शिकवणाऱ्याने स्वतः साइटवर काम केले आहे का? कामगाराला कळेल अशा भाषेत शिकवणार का?

तुलनेसाठी एक मोजमाप हाताशी ठेवा. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या साइटवर नियमित काम करणाऱ्याला 40 तासांचे शिक्षण, त्यानंतर तीन दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि दरवर्षी 8 तासांची उजळणी सक्तीची आहे. आपल्याकडे घातक माल वाहणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण लागते. दोन तासांच्या स्लाइड शोला प्रशिक्षण म्हणायचे की नाही, ते यावरून ठरवा.

घरबसल्या पाया पक्का करायचा असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या ‘इन्फॉर्मिया’ या व्यासपीठावर पर्यावरण करारांवरचे मोफत अभ्यासक्रम आहेत. जिनिव्हातल्या बासेल सचिवालयाची तांत्रिक मार्गदर्शके मोफत उतरवून घेता येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची रसायन सुरक्षा कार्डे एकेका रसायनाची माहिती थोडक्यात देतात. रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ही सामग्री वाचून काढली, तर मुलाखतीत तर फरक पडेलच, पुढे कामातही पडेल.

कारखान्यात रुजवा

हे साहित्य इंग्रजीत किंवा संयुक्त राष्ट्रांच्या इतर भाषांत आहे; मराठीत ते आपणच आणायचे आहे. बाहेर शिकून आलेल्या माणसाने पंधरा दिवसांत स्वतःच्या पाळीला शिकवावे, असा नियम करा. तुमच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक कचऱ्याचे एक पान मराठीत लिहा: नाव, अनुसूचीतला क्रमांक, चित्रखूण, कशाजवळ ठेवू नये, सांडले तर काय करावे, कोणाला फोन करावा. कंत्राटी कामगार हिंदी, भोजपुरी किंवा उडिया बोलणारा असेल, तर त्याच्या भाषेतही ते पान करा. शिकवून झाल्यावर त्यालाच ड्रमपाशी नेऊन विचारा. त्याचे उत्तर बरोबर आले तरच शिक्षण पूर्ण झाले.

2016 च्या नियमांनी कामगारांना योग्य प्रशिक्षण, साधने आणि आवश्यक माहिती देण्याची जबाबदारी कारखान्याच्या ताबेदारावर टाकलेली आहे. ती कंत्राटदारावर ढकलता येत नाही.

एकट्या लहान युनिटला हे जड वाटत असेल, तर वसाहतीतल्या उद्योजक संघटनेने पुढाकार घ्यावा. सामायिक प्रक्रिया केंद्र, अग्निशमन दल, मंडळाचे अधिकारी आणि जवळचे महाविद्यालय एकत्र आणून दर तीन महिन्यांनी एक दिवस ड्रम ओळखण्याचा सराव ठेवता येईल. त्यासाठी परदेशी निधीची वाट पाहण्याची गरज नाही. जगाने खुणा, चाचण्या आणि नमुने तयार करून ठेवले आहेत. ते पिंप हलवणाऱ्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे हे आपले काम आहे, आणि ते या महिन्यातच सुरू करा.